गर्डरच्या माथ्यावरचे खिळे

उड्डाणपुलाचं काम चालू असताना पोलादी गर्डरच्या माथ्यावर जाड डोक्याचे खिळे ओळीनं उभे दिसतात. स्लॅब ओतला की ते कायमचे गडप. मग ते असतात कशाला?

दोन सारख्या फळ्या एकमेकींवर नुसत्या ठेवून मधोमध दाबा. त्या वाकतात आणि टोकांशी एकमेकींवरून घसरतात. त्याच फळ्या घट्ट चिकटवल्या, तर जोडी चौपट ताठ होते. गर्डर आणि स्लॅबचंही तसंच. घसरणं थांबलं, की वरचं काँक्रीट दाब सोसतं आणि खालचं पोलाद ताण. ज्याला जे जमतं ते त्याच्याकडे! हे खिळे, म्हणजे ‘स्टड’, घसरण रोखतात. त्यांचं डोकं स्लॅबला वर उठू देत नाही. घसरण्याचा जोर आधारांजवळ जास्त, म्हणून तिथे ते बहुधा दाट असतात.

स्टड बहुतेकदा 19 किंवा 22 मिलिमीटर जाडीचा. वेल्डिंगची बंदूक तो सेकंदाभरात जोडते. त्याऐवजी चॅनेलचा, म्हणजे इंग्रजी ‘C’सारख्या आकाराच्या पोलादी पट्टीचा, तुकडा लावला तर तो एकटा जास्त भार पेलतो, पण हातानं वेल्डिंग करत बसावं लागतं. स्टडचा खरा गुण, माझ्या मते, लवचिकपणा: फार भार आला तर तो किंचित वाकतो आणि शेजाऱ्यांना कामाला लावतो.

वाहनांच्या सतत ये-जा करण्यानं मात्र तो थकू शकतो. म्हणून 1980च्या दशकात जर्मन अभियंत्यांनी व्हेनेझुएलातल्या कारोनी नदीवरच्या पुलासाठी भोकं पाडलेली उभी पट्टी विकसित केली. ओलं काँक्रीट भोकांतून आरपार जातं आणि घट्ट झालं की त्याच्याच खुंट्या बनतात.