‘रेस्ट’ आणि त्याचे खोटे सोयरे

‘जरा रेस्ट घ्या’ हे नायगावच्या दवाखान्यातही इंग्रजीतच सांगितलं जातं. पण नांदेड-देगलूर रस्त्यावर ‘रेस्टॉरंट’च्या पाट्या दिसतात, त्यांचा या रेस्टशी काडीचा संबंध नाही. बसून विसावा घ्यायची जागा ती रेस्टॉरंट, हा समज मात्र पक्का. मुळात तो फ्रेंच शब्द, अर्थ ताकद भरून आणणारं. पॅरिसमध्ये अशक्त माणसाला द्यायच्या मांसाच्या कढणाला हे नाव होतं. 1760च्या दशकात ते विकणारी दुकानं निघाली आणि पुढे दुकानालाच कढणाचं नाव पडलं. आपल्याकडे तापातून उठलेल्याला पायाचं सूप पाजतात, त्यातलाच प्रकार.

‘अरेस्ट’ही या रेस्टला परकाच. तो लॅटिनमधल्या ‘मागे थांबणं’ या क्रियापदावरून आला. त्याच क्रियापदातून दुसरा एक ‘रेस्ट’ निघाला, त्याचा अर्थ उरलेलं. इराणी करंडकात रणजी विजेत्यांशी खेळणारा ‘रेस्ट ऑफ इंडिया’ हा काही दमलेल्यांचा संघ नव्हे! दोन्ही ‘रेस्ट’चं स्पेलिंग एक, घराणी दोन.

विश्रांतीचा ‘रेस्ट’ जर्मानिक कुळातला आहे आणि त्याची गोष्ट जास्त रंगतदार आहे. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्ये ‘मैल’ या अर्थी ‘रास्ता’ असा शब्द येतो. तो याच घराण्यातला. (आपला ‘रस्ता’ फारसीतून आलाय, उच्चार जुळतो म्हणून सोयरीक जोडू नये.) जुन्या नॉर्सच्या भाऊबंद शब्दाचा अर्थही अंतर असाच. विश्रांतीचा शब्द अंतर का मोजू लागला? चालणाऱ्याला दोन थांब्यांमधली वाटच मोजता येते म्हणून. मराठीत अगदी हेच घडलंय. अरबीत ‘मंझिल’ म्हणजे उतरायची जागा, मुक्काम. मराठीत तिची ‘मजल’ झाली आणि अर्थ झाला एका दिवसाची वाटचाल. मजल दरमजल करत जाणारा माणूस म्हणजे मुक्कामांवर मुक्काम टाकत जाणारा.

‘आरआयपी’ हे मूळ ‘रेस्ट इन पीस’ या इंग्रजी वाक्याचं लघुरूप, असंही अनेकांना वाटतं. लॅटिन प्रार्थनेतही तीच तीन आद्याक्षरं येतात, आणि थडग्यांवर कोरली जात ती त्या लॅटिनची.

आणखी एक समज घरचाच. निजामी राजवटीमुळे मराठवाड्याच्या बोलीत उर्दू मुरली, म्हणून ‘आराम’ परका आणि ‘विश्रांती’ अस्सल, असं काही शुद्धिवादी सांगतात. विसाव्याचा अर्थ आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला, हे खरं. पण फारसी ‘आराम’ आणि संस्कृत ‘आराम’ एकाच जुन्या धातूतून निघालेत. संस्कृतात तोच ‘रमणे’चा धातू. संस्कृतात आराम म्हणजे बाग, उपवन. बौद्ध भिक्षूंच्या मठाला संघाराम म्हणत, त्यातला आराम हाच.