स्वमग्न मूल आणि आपली शाळा

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात आमच्या शाखेत एक भगिनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलीचे खाते उघडण्यासाठी आल्या. दिव्यांग मुलींना मिळणारा दरमहा २०० रुपयांप्रमाणे १० महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता त्या खात्यात जमा व्हावयाचा होता. नोटा मोजण्याचे यंत्र सुरू होताच मुलीने दोन्ही कान घट्ट झाकले आणि ती किंचाळू लागली. रांगेतील कोणी म्हणाले, "पोरीला वळण नाही." खरे सांगावयाचे तर काउंटरच्या आतून आमच्याही मनात तेच आले होते. आई हळूच म्हणाली, "साहेब, तिला आवाज सोसत नाही. शाळेत नाव आहे, पण सर म्हणतात घरीच ठेवा." आम्ही दहा मिनिटे यंत्र बंद ठेवले. मुलगी शांत झाली, खाते उघडले गेले, बँकेचे काहीही बिघडले नाही. मात्र 'शाळेत नाव आहे' हे शब्द मनातून जाईनात. त्यातूनच आम्ही या विषयाची माहिती घेतली. ती सभासद व विद्यार्थी बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हे वेड नव्हे, हट्ट नव्हे आणि बाहेरची बाधा तर मुळीच नव्हे. मेंदूची वाढ वेगळ्या तऱ्हेने होत असल्याने अशा मुलाला बोलणे, नजरेला नजर देणे, इतरांचे भाव ओळखणे कठीण जाते. तेच ते करीत राहणे त्याला आवडते. अचानक झालेला बदल, आवाज, गर्दी सोसत नाही. काही मुले बोलतच नाहीत, तर काही अभ्यासात हुशार असतात. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. पुढे अनेक वर्षे आईच्या मायेच्या अभावाला दोष दिला गेला. ती समजूत खोटी ठरली. लसीमुळे स्वमग्नता येते, हा समजही तसाच खोटा आहे.

अशा मुलांची संख्या वाढते आहे काय? अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांमध्ये २००० साली १५० पैकी एक, तर २०२२ साली ३१ पैकी एक मूल स्वमग्न आढळले. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा जगाचा अंदाज १२७ व्यक्तींमागे एक असा आहे. या वाढीमागे व्याख्या रुंदावली आणि ओळख वाढली, हे मोठे कारण आहे. आपल्या देशात १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. ज्यांना कालपर्यंत गावाने 'येडं' म्हटले, त्यांच्यातील कित्येकांना आज खरे नाव मिळत आहे.

आता आपल्या जालना जिल्ह्याचा विचार करू. आठही तालुक्यांत स्वतंत्र शाळा निघेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, कारण कायद्याने साखळी घालून दिलेली आहे. पहिली कडी वर्गशिक्षकाची. एनसीईआरटीने २०२२ मध्ये आणलेल्या 'प्रशस्त' या तपासणी यादीच्या आधारे ते मुलाच्या अडचणी टिपू शकतात. ती यादी म्हणजे निदान नव्हे. दुसरी कडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची. ते अंगणवाड्या व शाळांत तपासणी करते. तिसरी कडी शासकीय रुग्णालयातील तपासणी व दिव्यांग प्रमाणपत्राची. प्रमाण ४० टक्के वा अधिक असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. चौथी कडी पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकाची. केंद्र शासनाने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे, तर पुढील स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे सांगितले आहे. ती पदे भरली जावीत, हा आग्रह आपण धरलाच पाहिजे.

तरीही विशेष शिक्षक रोज प्रत्येक वर्गात असू शकत नाही. रोजचे काम वर्गशिक्षकाचेच. मुलाची जागा ठरलेली असावी. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा. एका वेळी एकच छोटी सूचना द्यावी. बदल असल्यास आधी सांगावे. घंटा वाजण्यापूर्वी खूण करावी. वर्गात एक शांत कोपरा असावा. यांस खर्च जवळजवळ नाही; नोटांचे यंत्र दहा मिनिटे बंद ठेवण्याइतकाच तो आहे. घरी शिक्षण घेण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु ती तीव्र वा बहुविकलांग मुलाने निवडावयाचा हक्क आहे. मूल घरी बसविण्याची शाळेला दिलेली सवलत नव्हे.

साखळी तुटते ती बहुधा मधल्या कड्यांत. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या गावी दोन-तीन खेपा म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडाली. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतील कुटुंबे ऊसतोडीला गेली की तपासणी राहते आणि मुलाची बसलेली घडीही मोडते. छत्रपती संभाजीनगर येथे एका आईच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'आरंभ' ही संस्था अशा मुलांसाठी काम करते. परंतु साठ किलोमीटरचा तो प्रवास दर आठवड्याला कोणास परवडणार?

येथे आपल्या संस्थेच्या सभासदांनी पुढे यावे. एकाने एका कुटुंबासोबत रुग्णालयात जावे, अर्ज भरून द्यावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेथे हा विषय मांडावा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी चित्रांचे तक्ते करून द्यावेत. वर्गाबाहेर बसविले जाणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबांच्या पिढीने भोगले आहे. त्यांच्या नातवंडांच्या गावात आणखी एक मूल उंबऱ्याबाहेर राहावे, हे आपणास शोभणारे नाही.

ती मुलगी आता दुपारच्या सुट्टीपर्यंत वर्गात बसते. दिवसभर बसेल तेव्हा खरे. पण हजेरीपटावरील नावाला आता उत्तर मिळते आहे.