बर्कले : अर्जापूर्वी पाहावयाचे एक विद्यापीठ

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व तीरावर, गोल्डन गेटच्या खाडीमुखाकडे तोंड करून, डोंगराच्या उतारावर जे नगर वसले आहे त्यास १८६६ साली जॉर्ज बर्कले या आयरिश बिशपाचे नाव देण्यात आले. आणि हा बिशप तत्त्वज्ञानाच्या इतिहासात ज्या सिद्धान्तामुळे अमर झाला तो सिद्धान्त असा की, वस्तूचे असणे म्हणजे तिचे कुणाच्या तरी प्रत्ययास येणे, प्रत्ययावेगळे तिला अस्तित्व नाही. त्या सिद्धान्ताचे खंडनमंडन विद्वानांनी खुशाल करावे. परंतु ज्या विद्यापीठाचे स्वप्न वर्षानुवर्षे उराशी बाळगले, ज्याची छायाचित्रे पाहून पाहून पाठ झाली, ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज अर्ज भरू नये असे ज्या तरुण-तरुणींना वाटते, त्यांच्या बाजूने बिशपमहाशयांनी निःसंशय साक्ष दिली असती.

मी येथील विद्यापीठ पाहिले ते अशाच एका मुलीच्या, माझ्या भाचीच्या, संगतीने. शालेय शिक्षण संपताच विद्यापीठात न जाता आधी दोन वर्षे गावातल्या कम्युनिटी कॉलेजात काढावयाची, तेथील गुणांच्या बळावर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळवावयाचा आणि पदवी मात्र विद्यापीठाचीच घ्यावयाची, हा कॅलिफोर्नियातील राजमान्य मार्ग असून त्यालाच तिकडे ट्रान्स्फर म्हणतात. आपल्याकडे पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षास दाखल होणारे विद्यार्थी असतात, त्यांचे या मंडळींशी बरेच साम्य आहे. परंतु आपल्याकडे ती काही मोजक्या व्यावसायिक शाखांपुरती सवलत आहे, तर तिकडे इतिहासापासून रसायनशास्त्रापर्यंत सर्व विषयांना लागू असलेले ते राज्याचे धोरणच आहे. १९०७ साली माध्यमिक शाळांना पुढचे महाविद्यालयीन वर्ग काढण्याची मुभा कायद्याने मिळाली, १९१० साली फ्रेझ्नो येथे तसा पहिला वर्ग भरला, आणि १९६० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने जो बृहद्आराखडा मंजूर झाला त्यात असे ठरले की, गुणानुक्रमे वरच्या अष्टमांश विद्यार्थ्यांना विद्यापीठाने थेट घ्यावे, वरच्या तृतीयांशास राज्य महाविद्यालयांनी घ्यावे, आणि उरलेल्या सर्वांसाठी कम्युनिटी कॉलेजांची दारे खुली ठेवून, तेथे जे लायकी सिद्ध करतील त्यांना पुढे विद्यापीठात येण्याचा मार्ग मोकळा ठेवावा.

हा मार्ग किती लांबीचा आहे हे पाहावयाचे असेल तर आगगाडीच्या डाउनटाउन बर्कले या भुयारी स्थानकावर उतरावे. स्थानकापासून सेंटर स्ट्रीटवर पश्चिमेस थोडे गेले की बर्कले सिटी कॉलेजची इमारत लागते, आणि त्याच रस्त्याने उलट दिशेस, पूर्वेकडे, चालत गेले की विद्यापीठाची पश्चिम हद्द. दोहोंमध्ये पायी चालण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. तेवढेच अंतर कागदोपत्री काटण्यास दोन वर्षे आणि साठ युनिटे, म्हणजे श्रेयांक, लागतात.

हद्दीच्या आत पाऊल टाकताच रस्त्याचा गलबला मागे पडतो, कारण डाव्या-उजव्या अंगाने स्ट्रॉबेरी क्रीक या ओढ्याचे दोन फाटे वाहत येतात आणि निलगिरीच्या एका उत्तुंग राईपाशी त्यांचा संगम होतो. हे विद्यापीठ १८६८ साली सनदेने स्थापन झाले, पहिली काही वर्षे शेजारच्या ओकलंडात भरले आणि १८७३ साली या जागेवर आले. त्या सालातील साउथ हॉल ही लाल विटांची इमारत अद्याप शाबूत असून वापरात आहे. पुढे फीबी हर्स्ट या धनवंत बाईंनी साऱ्या प्रांगणाच्या आराखड्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरविली, ती एमिल बेनार या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाने जिंकली, परंतु प्रत्यक्ष बांधकामाची सूत्रे जॉन गॅलन हॉवर्ड यांच्याकडे आली. आज ज्या शुभ्र ग्रॅनाइटच्या इमारतींमुळे बर्कलेचे चित्र मनात ठसते त्यांपैकी बहुतेक सर्व, म्हणजे खनिजविद्येची इमारत, डो ग्रंथालय, व्हीलर हॉल, सेदर गेट आणि तो सुप्रसिद्ध मनोरा, ही हॉवर्ड यांचीच निर्मिती.

सेदर टॉवर या मनोऱ्याची उंची ३०७ फूट आहे आणि व्हेनिसच्या घंटाघराशी असलेल्या साम्यावरून सर्वजण त्यास कॅम्पनिलीच म्हणतात. वरच्या सज्जात ६१ घंटांचा संच आहे, मधल्या मजल्यांवर मात्र पुराजीवशास्त्रीय संग्रहालयाची प्राचीन हाडे ठेवलेली आहेत. घंटा आणि अस्थी यांचा असा शेजार अन्यत्र पाहण्यात नाही. या घंटांविषयीची एक प्रथा मराठी वाचकास विशेष वाटेल. सत्रातील अध्यापनाच्या अखेरच्या दिवशी दुपारी बारा वाजता घंटांवर ‘डॅनी डीव्हर’ या किपलिंगच्या कवितेची चाल वाजविली जाते, आणि त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत घंटा मौन धरतात. ती कविता एका सैनिकाच्या फाशीवर आहे, आणि तिचा कर्ता मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला. परीक्षार्थ्यांसाठी ही निवड ज्याने केली त्याच्या विनोदबुद्धीस दाद द्यावी की त्यास दटावावे, हे मला ठरविता आले नाही.

सज्जातून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्को दिसते. १९१३ साली भारतीय क्रांतिकारकांच्या गदर पक्षाचे ठाणे तेथेच होते, आणि वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे याच किनारपट्टीवरील ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत कृषिविद्या शिकत त्या चळवळीत वावरत होते. भाचीचे लक्ष मात्र खाली होते. रसायनशास्त्राच्या गिलमन हॉलमध्ये, तिसऱ्या मजल्यावरील एका चिंचोळ्या खोलीत, १९४१ साली ग्लेन सीबोर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लुटोनियमची ओळख पटविली, हे तिला ठाऊक होते, आणि त्याच परिसरात नोबेल विजेत्या प्राध्यापकांच्या मोटारींसाठी राखून ठेवलेल्या जागांच्या पाट्या पाहून ती म्हणाली, “मामा, मला गाडी लावायला जागा नको, आत बसायला बाकडं मिळालं तरी पुरे.”

ट्रान्स्फर विद्यार्थ्याने ज्या ठिकाणी सर्वांत अधिक वेळ रेंगाळावे असे माझे मत आहे, ते ठिकाण मनोराही नव्हे आणि प्रयोगशाळाही नव्हे. ते म्हणजे सेदर गेटच्या दक्षिणेचा स्प्राउल चौक. १ ऑक्टोबर १९६४ रोजी या चौकात, राजकीय प्रचारास विद्यापीठाच्या आवारात बंदी असताना मेज मांडून बसलेल्या जॅक वाइनबर्ग यांना पोलिसांनी पकडून मोटारीत घातले, तेव्हा विद्यार्थी त्या मोटारीभोवती बैठक मारून बसले आणि बत्तीस तास त्यांनी ती जागची हलू दिली नाही. मोटारीच्या टपावर चढून एकामागून एक वक्ते बोलले. त्यांत मारिओ सॅव्हिओ नावाचा तत्त्वज्ञानाचा एक विद्यार्थी होता. टपास इजा होऊ नये म्हणून तो पायातले जोडे काढून वर चढला, ही गोष्ट मला त्या साऱ्या प्रकरणात अत्यंत हृद्य वाटते. २ डिसेंबर रोजी स्प्राउल हॉलच्या पायऱ्यांवरून त्याने जे भाषण केले ते अमेरिकेच्या विद्यार्थी चळवळीतील सर्वांत गाजलेले भाषण होय. त्यानंतर विद्यार्थी इमारतीत जाऊन बसले आणि सुमारे आठशे जणांना अटक झाली. आता हा सॅव्हिओ कोण होता? न्यूयॉर्कमध्ये दोन महाविद्यालयांत शिकून १९६३ साली बर्कलेत आलेला ट्रान्स्फर विद्यार्थी. ज्याला येथे येऊन पुरते दीड वर्षही झाले नव्हते, त्याने या विद्यापीठाचे नियम बदलावयास लावले, आणि १९९७ पासून त्या पायऱ्यांना अधिकृतपणे त्याचेच नाव आहे. ज्या क्लार्क कर यांच्या आराखड्याने बाहेरच्यांसाठी दार उघडे ठेवले, त्यांच्याच कारभाराविरुद्ध बाहेरून आलेल्या या मुलाने आवाज उठवावा, यात दैवाचा उपहास असेल, परंतु माझ्या मते ते आराखड्याचे यशच होते.

उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. १९२२ साली जयप्रकाश नारायण कॅलिफोर्नियास पोहोचले, मजुरी करून त्यांनी पैसे साठविले, आणि पुढील वर्षी बर्कलेत विज्ञानशाखेत नाव घातले. परंतु फी एकदम वाढल्यामुळे त्यांना हे विद्यापीठ सोडून आयोवास जावे लागले, तेथून विस्कॉन्सिन आणि अखेर ओहायो असा प्रवास करीत त्यांनी पदव्या मिळविल्या. फीचा हा जाच शंभर वर्षांनंतरही संपलेला नाही. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांहून बाहेरच्या विद्यार्थ्यांस पैसे कित्येक पटींनी अधिक मोजावे लागतात, आणि बर्कलेतील खोल्यांची भाडी तर रहिवासी आणि परके असा भेदही जाणत नाहीत.

चौकात आणखी दोन वस्तू पाहण्याजोग्या आहेत. एक, लुडविग नावाच्या कुत्र्याच्या नावाने ओळखले जाणारे कारंजे. हा कुत्रा १९६० च्या सुमारास रोज येऊन त्यात उभा राही, आणि विद्यापीठाने कुणा देणगीदारास न विचारता त्याचेच नाव कारंज्यास दिले. दुसरी, फरशीत बसविलेले एक ग्रॅनाइटचे वर्तुळ, ज्याच्या मध्याशी वीतभर माती उघडी आहे. ही माती आणि तिच्यावरचे आकाश कोणत्याही राष्ट्राच्या वा सत्तेच्या अंमलाखाली नाही, अशा आशयाचा लेख त्यावर कोरलेला आहे. नकळत पायाखाली जाईल इतके ते लहान आहे.

विद्यापीठातर्फे चालविल्या जाणाऱ्या फेऱ्या डोंगराकडच्या मेमोरियल स्टेडियमपासून निघतात. १९२३ चे हे क्रीडांगण हेवर्ड प्रस्तरभंगाच्या बरोबर वर बांधलेले असून, जमिनीच्या संथ सरकण्याने त्याचे दोन भाग परस्परांपासून दूर जात असत. २०१२ साली पुरी झालेल्या दुरुस्तीत भंगरेषेवरचे भाग सुटे करण्यात आले, जेणेकरून भूकंपात ते स्वतंत्रपणे हलावेत. हा भाग मनोरंजक खरा, परंतु एकंदर फेरी शाळेतून येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना समोर ठेवून रचलेली आहे. ज्याच्या वाट्यास येथे अवघी दोनच वर्षे यावयाची, ज्यास पहिल्या वर्षाची हौसमौज नाही की वसतिगृहात जुळणारी पहिली मैत्री नाही, त्याचे समाधान या फेरीने होत नाही. त्याने आपल्या विषयाच्या खात्याच्या कचेरीत जावे. कॉलेजातील कोणता अभ्यासक्रम येथील कोणत्या अभ्यासक्रमाच्या तोलाचा धरला जातो, हे ‘असिस्ट’ या राज्यव्यापी कोष्टकात आधी पाहून, शंका उरली तर तेथे विचारावी. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मोठ्या वर्गात मागे बसण्याची परवानगी मागावी. आणि स्प्राउलच्या खालच्या अंगास ट्रान्स्फर विद्यार्थ्यांसाठी जे केंद्र आहे तेथे जाऊन, एक वर्ष आधी आलेल्यांस गाठावे. आम्हांस तेथे भेटलेला एक विद्यार्थी, जो पूर्वी गोदामात नोकरी करीत होता, त्याने भाचीस स्पष्ट सांगितले की, पहिले सत्र बुडवणारे असते, पोहता येते ते दुसऱ्यात. मनोऱ्यावरून दिसलेल्या साऱ्या देखाव्यापेक्षा हे एक वाक्य तिला अधिक उपयोगी पडले असावे, कारण परतीच्या वाटेवर तिने विषयांची यादी पुन्हा मांडली आणि पहिल्या सत्रातील एक विषय कमी केला.

एक गैरसमज मात्र दूर केलेला बरा. येथे येऊन गेल्याची नोंद कोठेही होत नाही आणि प्रवेशाच्या निर्णयात तिला कवडीचे मोल नाही. पाहिला जातो तो गुणांचा दाखला, विषयाची पूर्वतयारी आणि साडेतीनशे शब्दांच्या मर्यादेतील चार उत्तरे, ज्यांतील एक प्रश्न सर्व ट्रान्स्फर विद्यार्थ्यांना अनिवार्य असतो. बर्कले ज्याचा भाग आहे त्या कॅलिफोर्निया विद्यापीठ समूहातील सहा शाखा ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या कॉलेज विद्यार्थ्यांना प्रवेशाची आगाऊ हमी देतात. बर्कले त्यांत नाही, म्हणून अर्ज करणाऱ्याने दुसरी एखादी जागाही मनात धरून ठेवावी. ट्रान्स्फर विद्यार्थी येथे केवळ शरदसत्रात घेतले जातात, अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरावयाचा असतो आणि निकाल एप्रिलच्या अखेरीस कळतो. तेव्हा पाहावयास जाणाऱ्याने सप्टेंबरात, वर्ग सुरू असताना, कामाच्या दिवशी जावे. शनिवार-रविवारी खात्यांच्या कचेऱ्या बंद असतात.