फाशांची हझल

मुशायऱ्यात गंभीर गझला ऐकून मंडळी जडावली की कुणीतरी हझल म्हणायला उठतो. हझल म्हणजे विनोदी गझल. लोकांना वाटतं, हे हलकं काम. पण हझलेलाही वृत्त सांभाळावं लागतं, काफिया आणि रदीफ चुकवून चालत नाही. ज्याला गझल बांधता येत नाही, त्याची हझल ओशाळवाणी होते. आपल्याकडे केशवकुमारांनी 'झेंडूची फुले' लिहिली, तेव्हा रविकिरण मंडळातल्या कवींच्या लकबी त्यांना अगदी पाठ होत्या. त्यातल्या काही लकबी मला तर विडंबनामुळेच माहीत झाल्या. टवाळीच्या पोटात मूळ कसं जपलं जातं, याचं एक उदाहरण आज सांगणार आहे. ते कवितेतलं नाही, एका अमेरिकन बैठ्या खेळातलं आहे.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तळघरं आणि अग्निमुखी सर्प, असं म्हणा. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली बाजारात आणला. लाकडाच्या रंगाची पेटी, आत तीन पातळ पुस्तिका, पहिल्या खेपेला प्रती फक्त १०००. यात आपल्या सारीपाटासारखा पट लागतोच असं नाही. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. 'मी दार ढकलतो,' असं खेळाडू म्हणतो आणि आत काय आहे ते सूत्रधार सांगतो. वार लागला की हुकला हे फासा ठरवतो. फासेही चार पैलूंपासून वीस पैलूंपर्यंतचे. इथे कुणी जिंकत नाही आणि गोष्ट संपतही नाही. पुढच्या आठवड्यात ती तिथून पुढे सुरू होते. एकेक पात्र माणसं वर्षानुवर्षं सांभाळतात. म्हणून नियम बदलले की या लोकांना ते घर बदलण्यासारखं वाटतं.

आणि नियम तर बदलतच गेले. सुरुवातीच्या पुस्तिकांत 'हॉबिट' होते. टोल्किनच्या साहित्याचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांचे 'हाफलिंग' झाले. १९७७ ते १९७९ या काळात 'अ‍ॅडव्हान्स्ड' नावाने तीन जाडजूड ग्रंथ आले. राक्षसांचा एक, खेळाडूंचा एक, सूत्रधाराचा एक. या ग्रंथांचा खरा नायक गायगॅक्स यांची भाषा आहे. जुन्या शाळेतल्या कडक मास्तरांसारखी ती भाषा खेळाडूंना दरडावते, मध्येच पल्लेदार शब्द फेकते आणि मग तक्त्यामागून तक्ते देते. कुठलं शस्त्र कुठल्या चिलखतावर किती चालतं, याचाही तक्ता! पुढे अमेरिकेत या खेळातून मुलांना सैतानी नाद लागतो अशी ओरड झाली. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सैतान-पिशाच्चांची नावं बदलण्यात आली, मारेकरी हा पात्रप्रकार वगळला गेला. पुस्तक आटोपशीर झालं आणि मास्तरांचा आवाजही उतरला.

मोठा बदल २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत झाला. तो समजायला थोडं गणित लागेल. जुन्या पद्धतीत चिलखताचा आकडा जितका लहान तितकं चिलखत भक्कम. अंगावर काहीच नसेल तर १०. लोखंडी पत्र्याचं चिलखत आणि ढाल असेल तर २. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक योद्ध्याला एक आकडा असे, त्याला 'थॅको' म्हणत. नवशिक्याचा थॅको २०. समोरच्याचं चिलखत ४ असेल तर वीसातून चार वजा करायचे. फाशावर १६ किंवा जास्त पडले तर वार लागला. चिलखत उणे दोन असेल तर वजाबाकीची बेरीज होते आणि रात्री अकरा वाजता टेबलाभोवती भांडण जुंपतं. तिसऱ्या आवृत्तीने हे उलटवलं. चिलखत भक्कम तर आकडा मोठा. फासा टाका, आपली बढत मिळवा, समोरच्याच्या आकड्याइतकं किंवा जास्त आलं की झालं. नुसती बेरीज. ही पद्धत निःसंशय चांगली आहे. पण ज्यांच्या कपाटात वीस वर्षांची पुस्तकं होती, त्यांच्यासाठी नवं काही छापणं मूळ घराण्याने थांबवलं. त्यांचा खेळ एका सकाळी जुना झाला.

इथे आपला हझलकार प्रवेश करतो. जॉली ब्लॅकबर्न या चित्रकथाकाराची 'नाइट्स ऑफ द डिनर टेबल' ही विनोदी चित्रमालिका १९९० पासून चालू होती. टेबलाभोवती बसून हा खेळ खेळणारी चार-पाच मंडळी, त्यांची हाव, त्यांची नियमांवरून हुज्जत, एवढाच तिचा विषय. ही मंडळी जो खेळ खेळतात, त्याचं काल्पनिक नाव 'हॅकमास्टर'. पुढे 'ड्रॅगन' मासिकाचे जुने अंक सीडींवर निघाले. त्यात या चित्रकथाही आल्या आणि हक्कांचा वाद उभा राहिला. तडजोडीत केन्झर अँड कंपनी या प्रकाशकाला जुन्या नियमांवर आधारलेला, थट्टेच्या अंगाने जाणारा खेळ काढण्याचा परवाना मिळाला.

२००१ साली 'हॅकमास्टर' खराखुरा छापून आला. मुखपृष्ठावर लिहिलं होतं, चौथी आवृत्ती. आधीच्या तीन कुठे आहेत? कुठेच नाहीत, त्या चित्रकथेतच! मूळ खेळाची चौथी आवृत्ती २००८ साली आली. नकलेने अस्सलाला सात वर्षांनी मागे टाकलं होतं. मूळचा राक्षसग्रंथ एक खंडाचा, यांचा आठ खंडांचा. फाशावर सर्वांत मोठा आकडा पडला की पुन्हा टाका आणि वाढवत जा. पात्राला खोडी आणि व्यंगं असतात, तीही तक्त्यातून. गायगॅक्स यांच्या सीमेवरच्या गढीची एक प्रसिद्ध साहसकथा आहे. यांनी 'लिट्ल' शब्द जोडून तिचीही नक्कल केली. दरडावणारे मास्तर तर पानोपानी.

गंमत अशी की हे सगळं खेळता येत होतं. उतरत्या आकड्याचं चिलखत, थॅको, तक्ते, सगळं शाबूत. थट्टा सालीसारखी सोलली की आत जुना खेळ होता, आणि अनेकजण तो तसाच खेळले. अस्सल घराण्याने टाकून दिलेलं बाड टवाळखोरांनी सांभाळलं.

सगळ्याच टवाळ्या अशा नव्हत्या. फीनिक्सचे ग्रंथपाल केन सेंट आन्द्रे यांना मूळ पुस्तिका किचकट वाटल्या, म्हणून १९७५ मध्ये त्यांनी साध्या सहा पैलूंच्या फाशांवर 'टनेल्स अँड ट्रोल्स' रचला. त्यात शत्रूवर सोडायच्या मंत्राचं नाव 'घे मेल्या!' अशा थाटाचं, आणि जखम भरण्याच्या मंत्राचं 'बिच्चारं बाळ ते!' मूळ कवितेला जेमतेम वर्ष झालं होतं आणि विडंबन हजर! २००१ चा 'मंचकिन' हा पत्त्यांचा खेळ मात्र नियमांना सोडून खेळाडूंना चिमटा काढतो. हावरट खेळाडूला त्या वर्तुळात मंचकिन म्हणतात. राक्षस मारायचा, खजिना लुटायचा, मित्राच्या पाठीत सुरी खुपसायची. तळघरात सापडलेलं बदक उचललं तर दोन पायऱ्या खाली. खप मोठा, मजाही येते. पण त्यातून जुना खेळ कळत नाही.

जपणुकीचं काम पुढे गंभीर लोकांनी हाती घेतलं. तिसऱ्या आवृत्तीबरोबर मूळ कंपनीने एक खुला परवाना दिला होता. त्याच परवान्याच्या आधारे २००६ साली 'ऑस्रिक' नावाने पहिल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीचे नियम नव्या शब्दांत मांडले गेले, विनोदाविना. केन्झरकडचा जुना परवाना संपला, तेव्हा २००९ पासून त्यांनी 'हॅकमास्टर' स्वतःच्या नियमांवर उभा केला. त्यात लढाई सेकंदासेकंदाने मोजली जाते आणि थट्टा जवळजवळ नाहीच. हझलकार गझला लिहू लागला. गायगॅक्स २००८ मध्ये गेले. २०१२ साली मूळ घराण्याने त्यांचे ते तीन ग्रंथ पुन्हा छापले आणि विक्रीतला काही वाटा त्यांच्या स्मारकाच्या निधीला दिला. दरडावणी, तक्ते, उलटं चिलखत, सगळं होतं तसंच.