दोन मॉनिटर, एक पॅनेल
बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील कार्यालय असो वा पालघरमधील घर, लिनक्स संगणकाला दोन मॉनिटर जोडल्यावर पॅनेल, म्हणजे मेनू, घड्याळ आणि उघड्या खिडक्यांची नावे दाखवणारी पट्टी, कोठे दिसावे हे ठरवावे लागते. एक्स११ या चित्रप्रणालीत रँडआर हा विस्तार दोन्ही पडदे एकाच सलग पृष्ठावर मांडतो. त्यामुळे १९२०×१०८० पिक्सेलचे, म्हणजे चित्रबिंदूंचे, दोन मॉनिटर शेजारी ठेवल्यास ३८४०×१०८० चे पृष्ठ तयार होते. या पृष्ठावर पॅनेल कोठे बसेल हे डेस्कटॉप वातावरण, म्हणजे खिडक्या व पट्ट्या सांभाळणारी प्रणाली, ठरवते. एक्सएफसीई या वातावरणात पॅनेल ‘प्राथमिक’ किंवा नावाने निवडलेल्या मॉनिटरवर ठेवता येते, तर केडीई प्लाझ्मा या वातावरणात प्रत्येक पडद्यावर स्वतंत्र पॅनेल जोडता येते. ग्नोम या वातावरणाची वरची पट्टी मात्र मूळ मांडणीत प्राथमिक पडद्यावरच राहते. मॉनिटरची ओळख अनेकदा जोडणीच्या नावावरून होत असल्याने, केबल दुसऱ्या पोर्टमध्ये घातल्यास पॅनेलची जागा बदलू शकते.