पेटीतली कळलावी

गेल्या पावसाळ्यात मरोळ गावठाणात एका ओळखीच्या ईस्ट इंडियन घरी गेलो होतो. एके काळी या घरची भातशेती होती. आता चहूकडे इमारती. माळा आवरताना पेटीतून झाडपाल्याचे एक जुने इंग्रजी पुस्तक निघाले होते आणि सूनबाई ते रद्दीत घालायच्या बेतात होत्या. पुठ्ठा गेलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण चित्रे शाबूत.

मी पाने उलटत होतो. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण एका चित्रावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही कळलावी. हिच्या वाटेला जायचं नाय, साहेब."

सूनबाई चपापल्या. आरेच्या बाजूने कोणी आणून दिलेला कंद रताळ्यासारखा दिसला म्हणून त्यांनी भाजीसाठी धुऊन ठेवला होता. चित्राशेजारी ठेवून पाहिला. तसाच दोन फाटे फुटलेला, नांगरासारखा! संस्कृतात हिला लांगली म्हणतात ते उगीच नव्हे. या कंदात कोल्चिसीन हे विष असते. शिजवूनही ते जात नाही. उलट्या, जुलाब होऊन माणूस दगावतो. कंद लगेच खोल पुरला.

नुसत्या नावावर विसंबू नये ते यासाठी. एकच नाव दोन तालुक्यांत दोन झाडांना असते. जुन्या जाणकारांना हे ठाऊक होते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते. त्याचा औषधींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला, पण त्यात झाडांची चित्रे नव्हती. ती उणीव 1578 मध्ये आकोस्ताच्या पुस्तकाने थोडी भरून काढली. खरे मोठे काम झाले ते 'हॉर्टस मलबारिकस'चे. मलबारातील वनस्पतींचे हे 12 खंड 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला निघाले. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांनी त्यासाठी खपून माहिती पुरवली. इट्टी अच्युतन हा केरळी वैद्यही त्यात होता. तिघा भटांचे नागरी लिपीतले कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. आपल्या माणसांची अशी नोंद त्या काळी परदेशी ग्रंथात क्वचितच सापडते.

मुंबईचे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी मुंबईच्या विषारी वनस्पतींवर सचित्र लेखमाला लिहिली. बसूंसह त्यांनी केलेला औषधी वनस्पतींचा ग्रंथ 1918 मध्ये अलाहाबादला निघाला. कीर्तिकर आदल्याच वर्षी वारले होते.

तुमच्या घरी असे पुस्तक असेल तर चिकटपट्टी लावू नका, उन्हात टाकू नका. कोरड्या जागी आडवे ठेवा. त्यातल्या मात्रा मात्र घरी करून पाहू नका. त्या काळची मापे वेगळी आणि झाड ओळखण्यातली चूक अंगाशी येते.

मरोळचे पुस्तक आता रद्दीत जाणार नाही. सासूबाई रोज दोन-चार पाने उलटतात आणि नातवाला झाडांची गावठी नावे सांगतात. तो ती पेन्सिलीने चित्राखाली लिहितो.