पुसट कडेचे गणित

धावत्या एसटीचा फोटो काढला आणि तो ‘हलला’, की आपण तो लगेच पुसून टाकतो. सिनेमात मात्र प्रत्येक फोटो थोडा हललेलाच असतो आणि तसा तो असावाच लागतो.

सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला 24 चित्रे टिपतो. प्रत्येक चित्रासाठी शटर साधारणपणे 1/48 सेकंद उघडे राहते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी एसटी तेवढ्या वेळात सुमारे 35 सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे तिचा आरसा, तिची पाटी, खिडकीच्या गजांवरचा प्रवाशाचा हात हे सगळे तेवढे पसरून उमटते. यालाच ‘मोशन ब्लर’ म्हणतात. एकच चित्र थांबवून पाहिले तर ते गचाळ दिसते; पण चित्रे सलग चालवली की त्यांच्यामधली फट हीच धूसरता सांधते. ती काढून घेतली की हालचाल ठेचकाळत चालल्यासारखी वाटते. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (1998) या चित्रपटातल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या लढाईसाठी शटरचा वेळ मुद्दाम कमी केला होता. उडणारी माती कणाकणाने सुटी दिसते आणि बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो, त्यात या युक्तीचा मोठा वाटा आहे.

कॅमेऱ्याला ही धूसरता फुकट मिळते, बाहुलीपटाला नाही. बाहुली किंचित हलवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र काढायचे, पुन्हा हलवायची. शटर उघडते तेव्हा बाहुली ढिम्म उभी असते. रे हॅरीहाउसेनच्या ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मधले (1963) तलवारी परजणारे सांगाडे आजही थक्क करतात, पण त्यांच्या हालचालीतला झटका लपत नाही. फिल टिपेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ड्रॅगनस्लेयर’साठी (1981) यावर तोड काढली. बाहुलीला सळ्या जोडून, शटर उघडे असतानाच संगणकाच्या हुकमाने मोटरी तिला हलवीत. या तंत्राला ‘गो-मोशन’ हे नाव पडले. ‘ज्युरासिक पार्क’चे (1993) डायनासोरही असेच करायचे ठरले होते. मधेच संगणकावरचे नमुने पुढे आले आणि बेत बदलला. टिपेट यांचे तंत्र गेले, पण प्राण्यांच्या हालचालींची त्यांची जाण चित्रपटाला लागलीच; त्या कामाच्या ऑस्करमध्ये त्यांचेही नाव आहे.

संगणकालाही बाहुलीचाच आजार होता. त्याने काढलेले चित्र एका क्षणाचे, चाकूने कापल्यासारखे. 1984 मध्ये ल्युकासफिल्मच्या संगणक विभागातल्या रॉबर्ट कुक, टॉम पोर्टर आणि लॉरेन कार्पेंटर यांनी सोपा वाटणारा उपाय मांडला: एकाच पिक्सेलसाठी अनेक किरण सोडायचे आणि प्रत्येक किरणाला शटरच्या उघडझापीतली वेगवेगळी वेळ द्यायची. सगळ्यांची सरासरी काढली की धूसरता आपोआप येते. त्यांनी दाखवलेल्या चित्रात बिलियर्डचे चेंडू होते, त्यांच्यावरचे आकडे 1, 9, 8, 4. पळणाऱ्या चेंडूंच्या सावल्याही पुसट झाल्या होत्या. किंमत एवढीच, की किरण कमी पडले तर चित्रावर दाणे दिसतात आणि वाढवले तर रेंडरचे तास वाढतात.

इथपर्यंत सगळे सुरळीत आहे. खरी गंमत पुढे, ‘कंपोझिटिंग’मध्ये. पडद्यावरचे दृश्य एका दमात तयार होत नाही. आकाश, किल्ला, योद्धा, तलवार असे थर वेगळे काढून मग एकावर एक ठेवतात. त्यासाठी प्रत्येक पिक्सेलजवळ रंगांखेरीज आणखी एक आकडा असतो, तो म्हणजे ‘अल्फा’. पिक्सेल किती झाकला आहे, हे तो सांगतो. ही कल्पना 1970 च्या दशकातली, एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांची. तिचे रीतसर अंकगणित मांडले तेही 1984 मध्येच, टॉम डफ आणि पुन्हा टॉम पोर्टर यांनी.

आता एक पिक्सेल घ्या. शटरच्या पहिल्या अर्ध्या वेळात तो योद्ध्याच्या मुठीने झाकला, उरलेल्या अर्ध्यात मुठीमागून आलेल्या तलवारीने. मागचे आकाश त्यात एक क्षणही दिसले नाही. पण दोन्ही थर वेगळे असतील तर प्रत्येकाचा अल्फा 50 टक्के. संगणक हिशेब करतो: मुठीचे 50, उरलेल्या 50 पैकी निम्मे म्हणजे 25 तलवारीचे आणि बाकीचे 25 आकाशाचे. मूठ आणि तलवार यांच्या मधून उजेडाची एक रेघ झिरपते. उलट, दोघींनी तोच अर्धा वेळ व्यापला असेल, तर खरे उत्तर 50 आणि हिशेब सांगतो 75. हिशेबात चूक नाही. अल्फा ‘किती’ ते सांगतो, ‘केव्हा’ ते त्याला माहीतच नसते. म्हणून एकमेकांना चिकटून हलणाऱ्या गोष्टी शक्यतो एकाच रेंडरमध्ये काढाव्यात, हेच शहाणपणाचे.

घाईच्या कामात दुसरी वाट धरतात. चित्र स्वच्छ काढायचे, सोबत प्रत्येक पिक्सेलचा वेग आणि दिशा नोंदवणारे वेगळे चित्र काढायचे आणि धूसरता शेवटी फासायची. धूसरता कमीजास्त करायला पुन्हा रेंडर लागत नाही. निर्मात्याला हे आवडते. पण दिशा सरळ रेषेत नोंदलेली असते, त्यामुळे हेलिकॉप्टरचे पाते गोल फिरण्याऐवजी सरळ फरफटल्यासारखे दिसते. आरशातल्या प्रतिबिंबाला आरशाचाच वेग मिळतो. आणि कड पसरली की तिच्यामागचे जे दिसायला हवे, ते स्वच्छ चित्रात कधी काढलेलेच नसते. मग थर वेगळे करून प्रत्येकाला धूसर करा, म्हणजे पुन्हा अल्फाच्या दारात. पात्यांपुरते तरी रेंडरचे तास मोजलेलेच बरे.

खऱ्या नटाच्या बाबतीत तर तीही सोय नाही. मुंबईतल्या स्टुडिओंमध्ये अनेक मुले-मुली दिवसभर हेच करत असतात: हिरव्या पडद्यासमोर हात झटकणाऱ्या नटाला चित्रातून सोडवून घ्यायचे. बोटांची पुसट कड कातडीची किती आणि पडद्याच्या हिरव्या रंगाची किती, हे कॅमेऱ्याने कुठेच लिहून ठेवलेले नसते. सॉफ्टवेअर अंदाज देते. तो पटला नाही तर माणूस हाताने सुधारतो, सेकंदाला 24 वेळा.